चुकलेलं नाणं की मार खाल्लेलं?

माझ्याकडे १९९५ सालचा एक रुपया आहे. किंचित लंबगोल, अक्षरं पसरलेली, कडेचे कंगोरे गायब. नाणी जमवायच्या या छंदात नवा होतो तेव्हा हा रुपया मी दोन महिने रुमालात बांधून फिरवला. टांकसाळीत काहीतरी भलतंच झालेलं दुर्मिळ नाणं आपल्याला मिळालंय अशी खात्री होती. शेवटी पुण्याच्या जुन्या बाजारात पथारी टाकून बसलेल्या एका काकांना दाखवला. त्यांनी भिंगसुद्धा काढलं नाही. दोन बोटांत धरून कडेवरून एकदा नजर फिरवली आणि म्हणाले, "हे टांकसाळीनं नाही छापलेलं बाळा, रेल्वेनं छापलंय."

रुळावर ठेवलेलं नाणं होतं ते. ते मी अजून जपून ठेवलंय, आणि नवीन कुणी 'एरर कॉईन', म्हणजे टांकसाळीत चुकलेलं नाणं, घेऊन आलं की आधी तेच त्याच्या हातात देतो.

काकांनी त्या दिवशी एकच गोष्ट शिकवली. विचित्र नाणं हातात आलं की 'याची किंमत किती' हे विचारायचंच नाही. आधी विचारायचं, टांकसाळीच्या यंत्रात हे कसं घडलं असेल? त्याचं पटणारं उत्तर देता आलं तर पुढे जायचं. नाही आलं, तर ते नाणं बाहेर आल्यावर कुणीतरी ठोकलंय, घासलंय, तापवलंय किंवा ॲसिडात बुडवलंय असं समजायचं. म्हणून पहिली पायरी नाणं बघण्याची नाही, नाणं कसं पाडतात ते समजून घेण्याची आहे.

नाणं पाडतात कसं

घरी पुऱ्या करताना काही जण मोठी पोळी लाटतात आणि वाटीनं गोल गोल कापून घेतात. टांकसाळीत अगदी हेच चालतं. धातूची लांब पट्टी यंत्रातून सरकते आणि तिच्यातून कोऱ्या चकत्या कापल्या जातात. मग चकत्या तापवून मऊ करतात, धुतात, आणि एका यंत्रात दाबून त्यांची कड थोडी उचलून घेतात. तोवर चकतीवर काहीच नसतं. ना सिंह, ना आकडा.

पुढचा भाग छापाईचा. खाली एक ठसा, वर एक ठसा, आणि चकतीभोवती बांगडीसारखी एक पोलादी कडी. या कडीला कॉलर म्हणतात. ठसे दणकन एकमेकांवर येतात, धातू दाबला जाऊन बाहेर पसरू बघतो, कॉलर त्याला अडवते, आणि दोन्ही बाजूंची चित्रं व कडेचे कंगोरे एका दणक्यात तयार होतात. छापलेलं नाणं ढकललं जातं, पुढची चकती येते. मिनिटाला शेकडो वेळा हेच.

आता यात काय काय बिघडू शकतं ते बघा. वाटी आधीच्या भोकावर थोडी चढली, तर पुरी चंद्रकोरीसारखी कातरलेली निघते. त्याला 'क्लिप' म्हणतात. चकती कॉलरमध्ये नीट बसलीच नाही, तर चित्र एका बाजूला सरकतं आणि उरलेला भाग कोरा राहतो. हे 'ऑफ-सेंटर'. कॉलर वर आलीच नाही, तर धातू मोकळाच पसरतो, नाणं नेहमीपेक्षा मोठं आणि गुळगुळीत कडेचं होतं. हे 'ब्रॉडस्ट्राइक'. ठशाला तडा गेला, तर त्या तड्यात धातू शिरतो. ठशाच्या खोबणीत तेल-मळी साचली, तर अक्षर अर्धवट उमटतं. दुसऱ्याच नाण्याची चकती या यंत्रात आली, तर रुपयाचं चित्र आठ आण्यांच्या चकतीवर छापलं जातं. आणि छापलेलं नाणं ठशालाच चिकटून राहिलं, तर पुढच्या चकतीवर त्या नाण्याचाच उलटा, खोलगट ठसा उमटतो. हे 'ब्रोकेज'. आपल्याकडचे व्यापारी त्याला 'लाखी' म्हणतात. जवळ बाळगलं की माणूस लखपती होतो ही त्यामागची समजूत. मी दोन लाख्या बाळगून आहे, बँकेत अजून काही फरक पडलेला नाही.

टांकसाळीत होणाऱ्या बहुतेक चुका यातल्याच एखाद्या घरात बसतात. तुमचं नाणं कुठेच बसत नसेल तर बहुधा चूक तुमच्या अंदाजातच आहे.

सामान

चार वस्तू पुरतात. सराफ वापरतात तसं दहापट मोठं दाखवणारं भिंग, ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा डिजिटल काटा, मिलिमीटरमध्ये मोजणारा व्हर्नियर कॅलिपर, आणि फ्रिजवरचा एखादा चुंबक. आणखी एक, जे लोक विसरतात: त्याच सालाचं, त्याच किमतीचं एक नेहमीचं, चांगलं नाणं. शेजारी ठेवायला जोडीदार नसेल तर डोळे काहीही दाखवतात.

एक गोष्ट मात्र आणायची नाही. चिंच-मीठ, पितांबरी, लिंबू, टूथपेस्ट यातलं काहीही. देव्हाऱ्यातल्या भांड्यांना लावा, नाण्याला नको. घासलेल्या नाण्यावरची मूळ झळाळी आणि वयाचा रंग दोन्ही जातात, आणि गेलेली किंमत परत येत नाही. हळद-कुंकू फारच चिकटलं असेल तर साध्या पाण्यात भिजवा आणि मऊ कपड्यानं नुसतं टिपून घ्या. पुसू नका.

पहिलं काम: हे नाणं चुकू शकतं का?

हा प्रश्न विचित्र वाटेल, पण आपल्या भागात तो सगळ्यात महत्त्वाचा आहे. घरोघरी निघणारी तांब्याची शिवराई घ्या. एका बाजूला तीन ओळींत 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. प्रत्यक्षात तुमच्या शिवराईवर 'श्री' अर्धा असेल, 'राजा' दिसत असेल आणि 'शिव' चकतीच्या बाहेर गेलेला असेल. लोक धावत येतात, "बघा, नाव कापलं गेलंय, एरर आहे!"

नाही. ही नाणी हातानं पाडलेली आहेत. खालचा ठसा घट्ट बसवायचा, त्यावर तांब्याचा तुकडा, वर दुसरा ठसा आणि त्यावर हातोडा. ठसा बहुतेक वेळा तुकड्यापेक्षा मोठा असायचा, त्यामुळे सगळी अक्षरं एकाच नाण्यावर आली तर ते नशीब. दोनदा हातोडा बसून अक्षरं दुहेरी उमटणं, चकती वेडीवाकडी असणं, कड फाटलेली असणं हा त्या पद्धतीचा स्वभाव आहे. 'शिव' हा शब्द 'सिव', 'सीव', 'शीव' असाही सापडतो. ते प्रकार अभ्यासकांना मोलाचे आहेत, पण टांकसाळीची चूक म्हणून नव्हे. शिवराईत उलटा नियम लागतो: जितकी अक्षरं पुरी, तितकं नाणं चांगलं. पेशवाईतले अंकुशी रुपये, चांदवडचे चांदोरी रुपये, मुघल बादशहाच्या नावाचे रुपये, सगळ्यांना हेच लागू.

एरर शोधायची तर यंत्रावरच्या नाण्यांत. मुंबईची टांकसाळ १८२९ ला उभी राहिली, आणि १८३५ पासून ईस्ट इंडिया कंपनीनं सगळ्या इलाख्यांसाठी एकसारखी नाणी काढली. साधारण तिथून पुढचं धरा. नवशिक्यानं तर स्वातंत्र्यानंतरच्या नाण्यांपासूनच सुरुवात करावी. ती स्वस्त आहेत, भरपूर आहेत, आणि जोडीदार नाणं सहज मिळतं.

दुसरं काम: खुणा ओळखून बाजूला काढा

सालाखाली बारीक चौकट दिसली, तारा दिसला, टिंब दिसलं की नवखा माणूस उडी मारतो. त्या टांकसाळीच्या खुणा आहेत. चौकटीसारखा हिरा मुंबईचा, तारा हैदराबादचा, गोल टिंब नोएडाचं. कलकत्त्याची खूणच नसते. म्हणजे 'टांकसाळीची खूण गायब' हे नाणं नव्वद टक्के वेळा कलकत्त्याचं साधं नाणं असतं. हैदराबादनं वेगवेगळ्या काळात दुभंगलेला हिरा आणि हिऱ्यात टिंब अशाही खुणा वापरल्या आहेत. मुंबईच्या, संग्राहकांसाठी खास पाडलेल्या 'प्रूफ' नाण्यांवर आधी 'बी' आणि नंतर 'एम' दिसतो.

काही वर्षी नाणी कमी पडली म्हणून सरकारनं ती परदेशात पाडून घेतली. १९८५ च्या काही रुपयांवर 'एच' आहे, तो बर्मिंगहॅमचा. नव्वदच्या दशकाच्या शेवटी आलेल्या काही नाण्यांवर 'एम'च्या डोक्यावर इवलासा 'ओ' दिसतो, तो मेक्सिकोचा. संग्रहात ठेवायला ही मजेची नाणी आहेत, पण यंत्र कुठेही चुकलेलं नाही.

दहा रुपयांच्या नाण्याचं तर विचारूच नका. कधी पंधरा किरणं, कधी दहा, कधी रुपयाचं चिन्ह आहे, कधी नाही. गावाकडे दुकानदार यातली अर्धी 'खोटी' म्हणून परत करायचे. शेवटी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेला सांगावं लागलं की दहाच्या नाण्याचे तेव्हा चलनात असलेले चौदा प्रकार सगळे खरे आहेत. म्हणजे शेजारच्या नाण्यापेक्षा वेगळं दिसणं ही चूक ठरत नाही, निराळी आवृत्ती असू शकते.

जाता जाता, पंचम जॉर्जच्या १९११ च्या रुपयाची गोष्ट. राजाच्या झग्यावर साखळीत हत्ती कोरला होता, पण सोंड इतकी आखूड झाली की लोकांना तो डुक्कर वाटला. मोठा गहजब झाला, नाणं मागे घेतलं गेलं, बरीच नाणी वितळवली आणि १९१२ पासून सुधारलेला हत्ती आला. संग्राहक त्याला 'पिग रुपी' म्हणतात आणि चांगले पैसे मोजतात. पण त्यात यंत्राचा काही दोष नाही. नक्षी कोरणाऱ्याचा हात आखडला, एवढंच. एरर गोळा करणारा माणूस हे नाणं वेगळ्या कप्प्यात ठेवतो.

तिसरं काम: वजन, व्यास, चुंबक

आता काटा काढा. १९९२ ते २००४ मधला एक रुपया, ज्याच्या मागच्या बाजूला आकड्याच्या दोन्हीकडे कणसं आहेत, तो स्टेनलेस स्टीलचा आहे: ४.८५ ग्रॅम, २५ मिलिमीटर. स्टील असल्यानं चुंबकाला चिकटतो. त्याच काळातला अकरा कोनांचा दोन रुपया तांबे-निकेलचा, ६ ग्रॅम, आणि चुंबक त्याला दाद देत नाही. जाड पाच रुपया ९ ग्रॅम, २३ मिलिमीटर, तोही चुंबकाला न चिकटणारा. १९८८ नंतरचे स्टीलचे पन्नास पैसे ३.७९ ग्रॅम, २२ मिलिमीटर.

हे आकडे वहीत लिहून ठेवा, कारण खरी किंमत असलेल्या चुका इथे पकडल्या जातात. समजा, रुपया दिसायला थोडा लहान आहे, कडेची अक्षरं कापली गेली आहेत, आणि काट्यावर ३.७९ येतंय. तर पन्नास पैशांच्या चकतीवर रुपयाचा ठसा पडलाय. हे नाणं घट्ट धरून ठेवा. तसाच स्टीलचा नसलेला, चुंबकाला न चिकटणारा १९९५ चा रुपया. वजन, व्यास, धातू तिन्ही दुसऱ्या एखाद्या खऱ्या नाण्याशी जुळले की गोष्ट पटते. तिन्हीपैकी एकही कुठल्याच नाण्याशी जुळत नसेल, तर ते खोटं नाणं किंवा मुलामा दिलेलं असण्याची शक्यता जास्त. चांदीसारखा मुलामा चढवलेली, तांब्याचा लेप दिलेली नाणी बाजारात ढिगानं आहेत. लेप असेल तर वजन किंचित वाढतं आणि खोलगट कोपऱ्यांत रंग साचलेला दिसतो.

वजनात थोडा फरक चालतो. रुपया दहा-बारा शतांश ग्रॅमनं इकडेतिकडे असला तर काही नाही. खूप हलका असेल तर एकदा कड बघा. पंढरपुरात चंद्रभागेत किंवा नाशिकला गोदावरीत पडलेली नाणी वर्षानुवर्षं वाळूत घासून पातळ होतात. पुलावरून दोरीला चुंबक बांधून स्टीलची नाणी काढणारी पोरं तुम्ही पाहिली असतील. त्यांच्याकडून येणारं प्रत्येक पातळ नाणं 'पातळ चकतीवर छापलेलं' नसतं.

आणि घरातला तो वाघाचा १९४७ चा रुपया चुंबकाला चिकटला म्हणून दचकू नका. तो चांदीचा कधीच नव्हता. निकेलचा आहे, आणि निकेल चुंबकाला चिकटतं.

चौथं काम: उंच की खोल?

सगळ्या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. ठशात जे खोल आहे ते नाण्यावर उंच येतं. ठशाला तडा गेला म्हणजे ठशात खाच पडली, म्हणून नाण्यावर उंच रेघ येते. नाण्यावर कुणी खिळ्यानं ओढलं तर खाच नाण्यातच पडते. भिंगाखाली उजेड एका बाजूनं तिरका पाडा आणि रेघेची सावली कुठल्या बाजूला पडते ते बघा. नखानंही कळतं, पण नख फिरवायचं ते शंभर रुपयांना मिळणाऱ्या नाण्यावर, हजारांना मिळणाऱ्या नाही.

स्टील कडक. त्यावर ठसे लवकर दमतात. म्हणून १९९२ नंतरच्या रुपयांवर बारीक तड्यांच्या उंच रेघा पुष्कळ सापडतात. एवढीशी रेघ असेल तर आनंद माना आणि ठेवून द्या, विकायला जाऊ नका. तडा कडेपासून कडेपर्यंत गेला असेल, किंवा कडेजवळ ठशाचा तुकडाच उडून नाण्यावर एक उंच, कोरा गोळा तयार झाला असेल, तर विचारणारे लोक भेटतात. अशा गोळ्याच्या बरोबर मागे, दुसऱ्या बाजूला, चित्र थोडं कमजोर असायला हवं, कारण तिथला धातू समोरच्या खड्ड्यात गेला. मागची बाजू धडधाकट असेल तर संशय घ्या.

दुहेरी अक्षरांचा घोटाळा इथेच. नव्वदच्या दशकातल्या नाण्यांवर 'भारत' दुहेरी दिसतं म्हणून दर आठवड्याला कुणीतरी फोटो पाठवतं. नीट बघा. दुसरी प्रतिमा सपाट, पायरीसारखी, खालच्या पातळीवर आहे, मूळ अक्षर त्यामुळे अरुंद झालंय? मग छापताना ठसा किंचित घसरला आणि अक्षर खरवडलं गेलं, एवढंच. याला किंमत नाही. खरं दुहेरीपण ठसा तयार होतानाच झालेलं असतं. त्यात दोन्ही प्रतिमा तितक्याच उंच आणि गोलसर असतात, अक्षर एकूण जाड होतं आणि टोकांना स्पष्ट खाच दिसते. अशी नाणी मी हातात घेतली आहेत ती मोजायला एका हाताची बोटं पुरतील.

साल किंवा अक्षर गायब असेल तर गायब झालेल्या जागेचा पृष्ठभाग बघा. मळी भरलेल्या ठशामुळे अक्षर पुसट होत होत नाहीसं होतं, बाजूची जमीन, म्हणजे अक्षरांमागची सपाट जागा, तशीच राहते. कानशीनं घासून काढलं असेल तर तिथे बारीक समांतर ओरखडे आणि थोडी खोलगट जागा सापडते. मळीची चूक खरी असली तरी स्वस्तच.

पाचवं काम: कड आणि कापलेपण

काकांनी माझा रुपया का कडेवरून पाहिला? कारण खोटेपणा करणारा माणूस कड विसरतो. ब्रॉडस्ट्राइक नाणं साधारण सगळीकडे सारखं पसरतं, कड गुळगुळीत असते आणि वजन पूर्ण भरतं. रुळावरचं नाणं चाकाच्या दिशेनं लांबतं. हातोड्यानं पसरवलेल्या नाण्यावर अक्षरांची डोकी चपटी होतात.

क्लिप तपासताना चंद्रकोरीच्या बरोबर समोरची कड बघा. कड उचलणाऱ्या यंत्रात चकतीचा एक भाग नसल्यामुळे समोरच्या बाजूवर दाब कमी पडतो. म्हणून खऱ्या क्लिपमध्ये समोरची कड पुसट असते, आणि कातरलेल्या जागेजवळची अक्षरं त्या दिशेला ओढल्यासारखी दिसतात. पक्कडीनं किंवा करवतीनं कापलेल्या नाण्याची समोरची कड अगदी खणखणीत असते, आणि कापलेल्या जागी अक्षर मध्येच कचकन तुटतं. नव्या माणसाला ही एक परीक्षा आली की क्लिपच्या नावाखाली खपवलेली बरीच नाणी आपोआप बाद होतात.

दहाच्या नाण्यातली मधली चकती नसलेली 'दुर्मिळ रिंग' कुणी विकत असेल तर सलाम करून पुढे जा. ती बहुतेक वेळा ठोकून काढलेली असते. मधली चकती सरकून छापलेली, चित्र दोन्ही धातूंवर सलग पसरलेलं असेल, तर मात्र थांबून बघा.

सहावं काम: पान उलटा

आपली गणराज्याची नाणी अशी घडवलेली आहेत की छाप्याकडून सिंह सरळ उभे धरले आणि पुस्तकाचं पान उलटावं तसं नाणं डावी-उजवीकडे फिरवलं, तर काटाही सरळच यायला हवा. करून बघा. आकडा तिरका आला तर एक ठसा जागेवरून फिरला होता. पाच-दहा अंश तिरका असणं नेहमीचंच, त्याकडे दुर्लक्ष करा. पाव फेरा फिरलेला असेल तर ठेवा. पूर्ण उलटा, म्हणजे सिंह सरळ आणि मागचं डोकं खाली, असेल तर ते चांगलं नाणं. घरच्या गल्ल्यात, एक पैसा न घालता सापडू शकणारी हीच चूक आहे, म्हणून मी मुलांना ह्याचीच सवय लावतो. नाणी खाली-वर उलटण्याची सवय असणाऱ्यांना मात्र सगळीच नाणी एरर वाटतात!

लाखी आणि दोन्हीकडे छापा

यावर जरा थांबतो, कारण फसवणूक इथे सगळ्यात जास्त होते.

खऱ्या लाखीला एका बाजूला नेहमीचं उठावाचं चित्र असतं आणि दुसऱ्या बाजूला तेच चित्र, पण आरशातलं आणि खोल. आरशातलं म्हणजे 'भारत' उलटं वाचलं जातं. खोल बाजूवर मूळ चित्राचा मागमूसही नसतो, कारण त्या चकतीला त्या बाजूचा ठसा कधी लागलाच नाही. बनावट लाखी करणारे दोन नाणी शिकंज्यात एकमेकांवर दाबतात. मग खोल ठसा उमटतो खरा, पण त्याखाली आधीचं चित्र चिरडलेलं शिल्लक राहतं, आणि त्याच नाण्याची पलीकडची बाजूही चपटी होते. भिंगात शोधायचं ते हेच, खाली भूत आहे का.

दोन्हीकडे छापा किंवा दोन्हीकडे काटा, दोन्ही उठावाचे, असं नाणं हातात आलं तर आधी वाजवा. 'खणखणीत नाणं' हा शब्द उगाच आलेला नाही. दोन नाणी अर्धी कापून, एक पोखरून त्यात दुसरं बसवलेलं असेल तर आवाज बद्द येतो. जादूगारांसाठी अशी नाणी बनवतातच. कडेच्या आतल्या बाजूला, सपाट जमीन आणि उचललेली कड जिथे भेटतात तिथे गोल फिरणारी बारीक जोडरेषा शोधा. वजनही जुळत नाही सहसा.

मग किंमत?

नाणं सगळ्या पायऱ्या पार करून आलं, चूक खरी निघाली. आता मन घट्ट करा, कारण खऱ्या चुकांपैकी बऱ्याचशा चहा-भज्यांच्या किमतीच्याच असतात. पुसट अक्षर, बारीक तडा, पाच टक्के सरकलेलं चित्र, थोडा फिरलेला ठसा, हे शिकण्यासाठी उत्तम आणि विकण्यासाठी निरुपयोगी.

किंमत वाढते ती अशी: चूक लांबून, भिंगाशिवाय दिसते, साल आणि टांकसाळीची खूण वाचता येते, नाणं फार वापरलेलं नाही, आणि त्या प्रकारचं नाणं सहज चुकत नाही. अर्धं सरकलेलं पण साल शाबूत असलेलं नाणं हे साल नसलेल्यापेक्षा नेहमी पुढे. चुकीच्या चकतीवरचं आणि स्पष्ट, पूर्ण लाखी ही वरच्या फळीतली. चांदीच्या रुपयातली लाखी असेल तर आणखी वर.

इंटरनेटवर कुणी काय किंमत 'मागतंय' ते बघू नका. मागायला काय, कुणीही कोटी मागेल. नाणे-लिलाव करणाऱ्या संस्था विक्रीनंतर कुठलं नाणं प्रत्यक्ष किती रुपयांना गेलं ते जाहीर करतात. ते आकडे वाचा. पुण्यात, मुंबईत नाण्यांची प्रदर्शनं भरतात, तिथे दोन-तीन वेगवेगळ्या व्यापाऱ्यांना तेच नाणं दाखवा आणि पहिल्याला दुसऱ्यानं काय सांगितलं ते सांगू नका. अभ्यासाची ओढ लागली तर नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे, आणि मुंबईत फोर्टमध्ये रिझर्व्ह बँकेचं नाण्यांचं संग्रहालय आहे. खरी नाणी डोळ्याखालून गेली की खोटी आपोआप खटकू लागतात.

पैसे जाण्याच्या जागा

वैष्णोदेवीचं चित्र असलेली २०१२ ची पाच आणि दहाची नाणी लाखो रुपयांना विकली जातात, हे व्हिडिओ तुम्हीही पाहिले असतील. ती देवस्थानाच्या मंडळाला पंचवीस वर्षं झाली म्हणून काढलेली स्मारक नाणी आहेत, त्यात चूक कुठलीच नाही. अशा व्हिडिओखालच्या नंबरवर फोन केला की गोड आवाजात 'तुमचं नाणं दहा लाखांना पक्कं झालंय' असं सांगतात आणि आधी नोंदणी फी, मग कर, मग कमिशन मागत जातात. काही जण रिझर्व्ह बँकेचं नाव आणि बोधचिन्हही लावतात. ऑगस्ट २०२१ मध्ये बँकेनं स्पष्ट सांगितलं की ती जुन्या नाण्या-नोटांच्या खरेदी-विक्रीत पडत नाही, त्यासाठी कसलंही शुल्क घेत नाही आणि तिच्या वतीनं तसं घ्यायचा अधिकार तिनं कुणालाही दिलेला नाही. विकणाऱ्यानं आधी पैसे भरायचे, हा व्यवहार जगात कुठे असतो का?

कायद्याच्या दोन गोष्टी. शेत नांगरताना किंवा जुनं घर पाडताना पुरलेली नाणी सापडली तर १८७८ च्या कायद्यानुसार, ठेवा दहा रुपयांपेक्षा जास्त मोलाचा असेल तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. आणि शंभर वर्षांहून जुनी नाणी १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येतात. ती देशाबाहेर नेता किंवा पाठवता येत नाहीत. पणजोबांचे चांदीचे रुपये न्यू जर्सीतल्या लेकाला कुरिअरनं धाडायचा विचार असेल तर तो सोडा. तो सुट्टीला आला की दाखवा.

ठेवायचं कसं

कडेला धरा, अंगठा चित्रावर ठेवू नका. मऊ प्लास्टिकची, वास येणारी पाकिटं टाळा, कालांतरानं नाणं हिरवट चिकट होतं. नाणेवाल्यांकडे पुठ्ठ्याची चौकोनी घड्या घालायची होल्डर मिळतात, ती स्वस्त आणि पुरेशी. होल्डरवर पेन्सिलनं लिहा: साल, टांकसाळ, वजन, काय चूक वाटते, आणि कुठून मिळालं. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. माझ्या १९९५ च्या रुपयाच्या होल्डरवर 'चूक' या जागी मी लिहिलंय: मध्य रेल्वे.